ब्रॉटन स्ट्रीटच्या दोन बाजू

धाकटी बहीण अटलांटाला असते. मार्चअखेरीस तिच्याकडे होते, तेव्हा तिनं विचारलं, "ताई, डोंगर की समुद्र?" मी समुद्र म्हटलं आणि सव्हानाचा बेत ठरला. अटलांटाहून दक्षिणेला मेकनपर्यंत जायचं, तिथून आय-१६ हा महामार्ग धरायचा. तो जिथे संपतो तिथे सव्हाना. चारेक तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि वळण म्हणून फारसं नाहीच. मेहुणे गाडी चालवत होते. मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसलेल्या भाचीचा एकच धोशा होता, "मावशी, आधी आइस्क्रीम, मग बाकी सगळं." तिच्या आईनं निकाल दिला: आधी गाव पायी बघायचं, आइस्क्रीम दुपारी.

तो निकाल योग्यच होता, कारण हे गाव मुळातच पायी चालणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. फेब्रुवारी १७३३ मध्ये जेम्स ऑगलथॉर्प इथे नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला आणि जॉर्जिया वसाहतीचं पहिलं गाव त्यानं वसवलं. त्याची आखणी साधी होती. मध्ये एक मोकळा चौक, चौकाच्या दोन बाजूंना सार्वजनिक इमारतींसाठी जागा आणि बाकी दोन बाजूंना घरं. असा एक गट पुरा झाला की शेजारी दुसरा. पुढची शंभरएक वर्षं गाव याच पद्धतीनं वाढत गेलं आणि असे चोवीस चौक झाले. त्यांतले बावीस आजही आहेत. जुन्या वाड्याला जसा चौक, तसा इथे प्रत्येक मोहल्ल्याला चौक. दोन-तीन मिनिटं चाललं की सावली येते, बाक येतो आणि माणूस आपोआप बसतो. ऊन असूनही आम्ही दमलो नाही, त्याचं श्रेय या बाकांना.

सावली धरतात ती लाइव्ह ओकची झाडं. यांची पानं हिवाळ्यातही झडून झाड उघडं पडत नाही. फांद्या रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतात आणि त्यांवरून स्पॅनिश मॉसच्या राखाडी झिपऱ्या लोंबत असतात. खाली पडलेली एक झिपरी भाचीनं मला आणून दिली. हाताला कोरडी, तारेसारखी, अंगावर बारीक खवले. ही वनस्पती अननसाच्या कुळातली आहे. तिला मुळं नसतात. हवेतला ओलावा आणि पावसाचं पाणी ते खवले टिपून घेतात. झाडाचा तिला आधार हवा असतो, त्याचा रस ती शोषत नाही. झाडांखाली अझेलियाची झुडपं गुलाबी, पांढऱ्या फुलांनी भरली होती. फोर्साइथ पार्कमधलं १८५८ सालचं ओतीव लोखंडाचं कारंजं पाहिलं आणि त्याच्या कठड्याशी चांगला अर्धा तास काढला.

पुढे राइट स्क्वेअरमध्ये थांबलो. ऑगलथॉर्प आला तेव्हा या कड्याजवळ यामाक्रॉ लोकांची वस्ती होती आणि टोमोचिची त्यांचा प्रमुख. त्यानं नव्या लोकांशी मैत्री केली, त्यांना राहू दिलं. गाव लढाईविना उभं राहिलं ते त्याच्यामुळे. १७३९ साली तो वारला, तेव्हा गावानं मानानं त्याला याच चौकात पुरलं. पण १८८३ साली त्याच चौकाच्या मधोमध रेल्वे कंपनीच्या एका अध्यक्षाचं भव्य स्मारक बांधण्यात आलं. गावातल्या स्त्रियांना ही गोष्ट खुपली. खुद्द त्या अध्यक्षांच्या सुनेनं पुढाकार घेतला आणि १८९९ साली चौकाच्या कोपऱ्यात टोमोचिचीच्या नावानं ग्रॅनाइटची एक मोठी शिळा बसली. ज्याच्यामुळे गावाला जागा मिळाली, त्याला गावात कोपरा मिळाला. मनाला लागलं ते.

नदीकाठी उतरलो तेव्हा तोच विषय पुढे गेला. रिव्हर स्ट्रीटवर जुनी कापसाची गोदामं रांगेनं उभी आहेत. खाली फरशीऐवजी ओबडधोबड दगड आहेत. जहाजं तळाशी वजन म्हणून जे दगड घेऊन येत, त्यांचाच हा रस्ता. समोरून कंटेनरनं लादलेलं जहाज गेलं आणि काठावरच्या इमारती त्याच्यापुढे बुटक्या दिसू लागल्या. या बंदराची श्रीमंती कापसाची आणि कापूस गुलामांच्या श्रमाचा. जॉर्जियाच्या संस्थापकांनी सुरुवातीला गुलामगिरीला बंदी घातली होती, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. १७३५ साली कायदा झाला आणि १७५१ साली तो उठवला गेला. पुढे १७९३ मध्ये सव्हानाजवळच्याच एका मळ्यावर एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र बनवलं आणि गुलामांची मागणी वाढतच गेली. काठावर २००२ साली बसवलेला एक ब्राँझचा पुतळा आहे: आई, बाप, दोन मुलं, एकमेकांना बिलगलेली, पायाशी तुटलेल्या बेड्या. मेहुण्यांनी टोपी काढली. कुणी काही बोललं नाही.

मग ब्रॉटन स्ट्रीट आणि ज्याची वाट पाहिली ते लिओपोल्ड्स. दुकानाबाहेर फुटपाथवर लांब रांग होती, पण ती सरकत होती. ग्रीसहून आलेल्या जॉर्ज, पीटर आणि बॅसिल या तीन लिओपोल्ड भावांनी १९१९ साली हा धंदा सुरू केला. तेव्हा दुकान ग्विनेट आणि हॅबरशॅम या रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं, ट्रामचे दोन मार्ग एकमेकांना मिळत तिथे. जवळच राहणारा जॉनी मर्सर हा मुलगा तिथे झाडलोट करायचा. पुढे 'मून रिव्हर'सारख्या गाण्यांचे शब्द लिहून तो जगभर गाजला. १९६९ साली जुनं दुकान बंद झालं. पीटर यांचे धाकटे चिरंजीव स्ट्रॅटन हॉलिवूडमध्ये चित्रपटनिर्माते झाले. पण वडिलांच्या पाककृती आणि दुकानातलं जुनं सामान त्यांनी जपून ठेवलं आणि २००४ साली ब्रॉटन स्ट्रीटवर दुकान पुन्हा उभं केलं. आत गेल्यावर काळ्या संगमरवराचं सोडा फाउंटन दिसतं, लाकडी टेलिफोन बूथ दिसतो, भिंतींवर चित्रपटांची पोस्टरं दिसतात. वडिलांचा धंदा मुलानं असा निगुतीनं सांभाळलेला पाहिला की फार बरं वाटतं.

मी टुटी-फ्रुटी घेतलं. हा त्यांचा जुना, मानाचा प्रकार. आपल्याकडच्या लाल-हिरव्या पपईच्या तुकड्यांची सवय असल्यानं मी तशाच चवीच्या तयारीत होते. पहिल्या घासाला आली ती रमची चव, मागोमाग पाकवलेल्या फळांचा चिवट गोडवा आणि मग दाताखाली भाजलेला पीकान. पीकान जॉर्जियाचाच. अक्रोडापेक्षा मऊ आणि तुपकट. आइस्क्रीम घट्ट होतं, हवेनं फुगवलेलं नव्हतं. चमचा रुतवायला जोर लागत होता. बहिणीनं लेमन कस्टर्ड घेतलं, मेहुण्यांनी रम बिस्क आणि भाचीनं अर्थातच चॉकलेट. चौघांनी एकमेकांच्या कपांत चमचे घातले. असं आइस्क्रीम मी क्वचितच खाल्लं असेल, हे मनापासून सांगते.

आत बसायला जागा नव्हती, म्हणून कप घेऊन रस्ता ओलांडला. तिरकस समोर, ॲबरकॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, एका कला-महाविद्यालयाचं ग्रंथालय आहे आणि त्याच्यासमोर एक फलक. भाची तो मोठ्यानं वाचू लागली. आज जिथे ग्रंथालय आहे, तिथे पूर्वी लेव्हीज हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं आणि त्यात अझेलिया रूम नावाचं उपाहारगृह. या रस्त्यांवरच्या दुकानांत कृष्णवर्णीयांनी कपडे घ्यावेत, पैसे मोजावेत. तिथल्या लंच काउंटरवर मात्र त्यांनी बसायचं नाही, असा नियम होता. १६ मार्च १९६० रोजी कृष्णवर्णीय विद्यार्थी गावातल्या आठ दुकानांमध्ये अशा काउंटरवर जाऊन बसले. अझेलिया रूममधून तिघांना अटक झाली: कॅरोलिन क्विलॉइन, अर्नेस्ट रॉबिन्सन आणि जोन टायसन.

"मावशी, म्हणजे त्यांना नुसतं बसायचं होतं?" भाचीनं विचारलं.

"हो. बसून मागवायचं होतं, सगळ्यांसारखं."

"आणि त्यासाठी पोलीस?"

तिची आई तिला जवळ घेऊन सांगू लागली. टपाल वाटण्याचं काम करणारे डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ, त्यांच्याबरोबर होझिया विल्यम्स आणि वकील युजीन गॅड्सडेन यांनी लोक संघटित केले. कृष्णवर्णीयांनी बाजारावर बहिष्कार टाकला, तो जवळजवळ शंभर टक्के पाळला गेला. मतदारनोंदणी झाली, नगरपालिकेत बदल झाला. ऑक्टोबर १९६३ मध्ये गावातल्या सगळ्या जागा सर्वांना खुल्या झाल्या, देशाचा नागरी हक्क कायदा येण्याच्या आठ महिने आधी. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांची सीमा मानल्या जाणाऱ्या मेसन-डिक्सन रेषेच्या दक्षिणेला वर्णभेदातून इतकं मोकळं झालेलं दुसरं शहर नाही, अशी पावती मार्टिन ल्यूथर किंग यांनी दिली.

मी मात्र मनानं महाडला पोचले होते. २० मार्च १९२७. चवदार तळं सर्वांना खुलं आहे असा नगरपालिकेचा ठराव झालेला होता, तरी अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथे पाणी घेऊ दिलं जात नव्हतं. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, मागोमाग हजारोंनी प्यायलं आणि नंतर त्यांनी मारही खाल्ला. तिथे ओंजळभर पाणी, इथे काउंटरवरची एक खुर्ची. मागणी एकच: माणूस म्हणून बरोबरीची जागा. भाचीला मी रांगेतच महाडची गोष्ट सांगितली, कारण तिला आणखी एक स्कूप हवा होता. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या रोझा पार्क्स तिला शाळेत शिकवल्या होत्या. चवदार तळं तिला त्या दिवशी कळलं. त्या रांगेत गोरी, काळी, आमच्यासारखी सावळी, सगळी माणसं मागेपुढे उभी होती. ज्या रस्त्यावर बसण्यासाठी मुलांना तुरुंगात जावं लागलं, त्या रस्त्यावर हे दृश्य साधं वाटतं. पण ते कुणीतरी मिळवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी टायबी बेटावर समुद्र पाहिला. दीपगृहाच्या १७८ पायऱ्या चढून वरून खाजणं आणि वाळू पाहिली. वारा भन्नाट होता. समुद्र सुंदरच आहे. पण या सहलीचं सार मला ब्रॉटन स्ट्रीटवर मिळालं.

अटलांटाच्या बाजूला तुमचं कुणी असेल तर सव्हानाला नक्की जा. गाडी एका जागी लावून द्या आणि चौकाचौकांतून पायी फिरा, बाक दिसला की बसा. लिओपोल्ड्सची रांग लांब दिसली तरी माघारी फिरू नका, टुटी-फ्रुटी खाच. आणि रस्ता ओलांडून तो फलक वाचल्याशिवाय परतू नका. बरोबर मुलं असतील तर त्यांनाच वाचू द्या, मोठ्यानं. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता यावीत म्हणून महाडची गोष्ट आधी आपण नीट वाचून ठेवा.