सतरावी सही

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक टेकू आहे. चांगला जाडजूड, वर पाचर ठोकलेला. तो कधी लावला हे कोणालाच नीट सांगता येत नाही. त्याला दोन खिळे आहेत. एकावर शेजारच्या अण्णांची छत्री असते, दुसऱ्यावर दुधाची पिशवी. वडील गेले, मी बदलापूरहून परत गिरगावात राहायला आलो, आणि पहिल्याच पावसाळ्यात रात्री दोन वाजता त्या टेकूवरची तुळई करकरली. सकाळी सभा भरली. ‘तू शिकलेला आहेस, तुला कॉम्प्युटर येतो,’ एवढ्या भांडवलावर मला सेक्रेटरी करून सगळे कामावर गेले.

दुरुस्ती म्हणजे गवंडी बोलवायचा, सिमेंट लावायचं, बिल वाटून घ्यायचं, अशी माझी समजूत. ‘पैसे कोण देणार?’ असं मी अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी भाडेपावती पुढे धरली. त्यावर भाड्याच्या आकड्याखाली वेगळी ओळ होती: दुरुस्ती उपकर. आकडा भाड्यापेक्षा मोठा! ‘हे आपण कशाचे भरतो रे इतकी वर्षं?’ अण्णा म्हणाले. मला काय ठाऊक?

मग वाचत बसलो. भाडी वर्षानुवर्षं गोठलेली, त्यामुळे मालकांनी डागडुजी सोडून दिली आणि दक्षिण मुंबईत इमारती पडू लागल्या. म्हणून १९६९ साली कायदा झाला: महापालिकेने मालमत्ता कराबरोबर उपकर गोळा करायचा आणि त्यातून जुन्या इमारतींची दुरुस्ती करायची. त्यासाठी नेमलेलं मंडळ पुढे म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात आलं. त्यालाच सगळे ‘रिपेअर बोर्ड’ म्हणतात. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त, म्हणजे आपल्या भाषेत ‘सेस’ इमारती १९,६४२ होत्या. आमची ‘अ’ श्रेणीतली, म्हणजे १ सप्टेंबर १९४०च्या आधीची. दारावर चुन्यात १९२६ कोरलेलं आहे, ते मी लहानपणापासून चाळीचा नंबर समजत होतो.

अर्ज केला, इंजिनिअर आले. शांत गृहस्थ. संडासाच्या बाजूच्या तुळईला त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो भिजलेल्या पावात बोट जावं तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला काळपट ओला भुसा. वरून रंग मात्र अगदी घट्ट होता. दर गणपतीला आम्हीच काढलेला. ‘पाणी इथून मुरतंय, वीस-पंचवीस वर्षं तरी,’ ते म्हणाले. मग समजावून सांगितलं, की बोर्ड दर चौरस मीटरमागे ठरलेल्या मर्यादेपर्यंतच खर्च करू शकतं. त्यावरचा भाडेकरूंनी भरायचा. आणि दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेली, तर पुनर्बांधणीचाच विचार करावा लागतो.

त्या संध्याकाळच्या सभेत चाळीचे दोन तट पडले. जुनी मंडळी म्हणाली, लाकडी तुळया काढून लोखंडी गर्डर टाका, झालं. तरुण म्हणाले, थर्टी-थ्री सेव्हन करू. मी सुरुवातीला गप्प बसलो, कारण मला तो बसचा नंबर वाटला होता. तो विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम. मालकाने बिल्डर आणायचा, भाडेकरूंनी संमती द्यायची, बोर्डाने पात्र भाडेकरूंची यादी तपासून ना-हरकत द्यायची. प्रत्येकाला फुकट निदान ३०० चौरस फूट कार्पेटची खोली, मालकीची. बिल्डरला वर विकायला जादा जागा. आमच्या खोल्या १६० फुटांच्या, मोरी धरून. संमती पूर्वी ७० टक्के लागायची, आता ५१. आमची बिऱ्हाडं ३२, म्हणजे १७ सह्या.

आकडेमोड मला जमते. पण सह्या आकडेमोडीने मिळत नाहीत. तळमजल्यावरच्या काकूंची बहीण, तिची चाळ नव्याने बांधून होईपर्यंत, ‘दोन वर्षांसाठी’ म्हणून संक्रमण शिबिरात गेली आणि तिथेच आजी झाली. काकूंसमोर ३०० फुटांचा नकाशा पसरला, त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. ‘बाळा, नकाशात संडास आत आहे ते छान आहे. पण मी परत कधी येणार ते कुठे लिहिलंय?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसरीकडे, ऑगस्ट २०१७मध्ये पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, त्यात ३३ माणसं गेली. ते टीव्हीवर पाहिल्यापासून तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब जिन्यावरून पळण्याची तालीम करतं. दोघांचंही खरं. हे कसं सोडवायचं ते नियमावलीत कुठेच सापडत नाही, मी शोधून पाहिलं.

काकूंनी सही अखेर दिली, पण मधल्या काळातल्या भाड्याचे पैसे आणि परतीची मुदत करारात नोंदवून घेण्याच्या अटीवर. माझ्या मते सबंध चाळीत व्यवहार कळणारं तेवढंच एक माणूस.

सोळा सह्या झाल्या. सतरावी माझी. ती ऐटीत करून कागद तपासून घ्यायला बोर्डाच्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या बाईंनी यादीवर बोट फिरवलं आणि थांबल्या. ‘हे कोण?’ ते माझे आजोबा. ते १९८८ साली वारले. वडिलांनी आयुष्यभर त्यांच्याच नावाने भाडं भरलं, आणि भाडेपावतीवर नाव बदलायचं असतं हे घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ‘तुमच्या वडिलांचं रेशनकार्ड आहे? १३ जून १९९६च्या आधीपासून राहत होते ना?’ होते. ‘मग खोली पात्र होईल. पण सही करणारा भाडेकरू म्हणून आधी तुमचं नाव लागायला हवं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत आणा.’ मी सेक्रेटरी आहे, असं सांगून पाहिलं. त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

वारस म्हणजे इंदूरचे काका आणि नागपूरची आत्या. काकांनी कागद कुरिअरने पाठवला. आत्याला फोन केला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अरे, तो गॅलरीतला टेकू आहे का अजून? माझ्या लग्नात त्याला तोरण बांधलं होतं.’ सही देणार आहे, पण त्याआधी खोली एकदा बघायची आहे म्हणते. दिवाळीत येणार आहे. तोवर अर्जावर सह्या सोळाच आहेत.