बिघाडाचा माग

सागरपर्यटनास निघालेल्या शिडाच्या नौकांवरील यंत्रे, पंप आणि नळ यांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असून तो मी गोव्यात मांडवीच्या काठी करतो. परंतु या व्यवसायाचे जे मूलतत्त्व, ते मी समुद्र पाहण्याच्या कितीतरी आधी, तापीच्या खोऱ्यातील केळीच्या बागांत, विहिरीवरील पंपाशेजारी उकिडवे बसून शिकलो, आणि खानदेशच्या वाचकांसाठी लिहिताना तेथूनच आरंभ करणे मला युक्त वाटते. ते तत्त्व असे की, बिघाड जेथे जाणवतो तेथे तो बहुधा नसतो. आणि वाहत्या पदार्थाच्या बाबतीत तर तो बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूस, दडून बसलेला असतो.

पंप पाणी ओढतो अशी आपली सर्वांची समजूत असते. वस्तुतः तो केवळ आपल्या पोटात दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर भार टाकणारे वातावरण ते पाणी नळातून वर ढकलते. हा भार सुमारे १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ तोलून धरण्याइतकाच असल्यामुळे, आणि घर्षण व सांध्यांतील उणिवा वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती लागत असल्यामुळे, विहिरींची पातळी जसजशी खाली गेली तसतसे आमच्याकडे पंप विहिरीच्या आत खाली खाली उतरवावे लागले, आणि शेवटी अनेक ठिकाणी पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारींनी त्यांची जागा घेतली. 'मोटर पाणी उचलत नाही' अशी तक्रार आली की उतावळा कारागीर प्रथम पाना काढून पंपाचे पोट उघडी. जाणता कारागीर मात्र आधी फुटवॉलमध्ये काडीकचरा अडकला आहे काय, हे पाही आणि मग सक्शनच्या पाइपावरील एकेका सांध्यावरून ओला हात फिरवी. कारण पंपाच्या पुढील, दाबाच्या बाजूस नळ फुटला तर पाणी बाहेर उसळून आपली फिर्याद आपणच मांडते. परंतु मागील, शोषणाच्या बाजूस केसाएवढी फट पडली तर एक थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा निमूटपणे आत शिरते आणि सारा दोष निरपराध पंपाच्या माथी बसतो.

हेच ज्ञान मी नौकेवर घेऊन गेलो, आणि ते तेथे एका दिवसासाठीही निरुपयोगी ठरले नाही. चाळीस-पन्नास फुटांच्या शिडाच्या नौकेवर बंदरात शिरताना व वारा पडल्यावर उपयोगी पडणारे एक लहान डिझेल इंजिन असते, आणि ते थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी नौकेच्या तळातील सी-कॉकमधून, म्हणजे समुद्राकडे उघडणाऱ्या तोटीतून, आत घेऊन, जाळीतून गाळून, रबरी पाकळ्यांच्या इम्पेलरने पुढे ढकलून, उष्णता शोषून घेतल्यावर धुराबरोबर बाहेर सोडलेले असते. इंजिन तापले की नवखा नाविक तापमापकाकडे पाहत राहतो. मी प्रथम कठड्यावरून वाकून धुराच्या तोंडातून पाणी उसळते आहे की नाही, हे पाहतो. पाणी येत नसेल तर समुद्राकडून आत, क्रमाने, एकही पायरी न गाळता जावे: सी-कॉक उघडा आहे काय, त्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे काय, जाळीत शेवाळ वा जेलीफिश भरले आहे काय, गाळणीच्या झाकणाचे रबर वाळून तेथून हवा आत जाते काय, आणि या सर्वांनंतरच इम्पेलर. इम्पेलरच्या पाकळ्या तुटलेल्या आढळल्या तर नवा बसवून काम संपत नाही. तुटलेले तुकडे मोजून घ्यावे लागतात, कारण जो तुकडा सापडला नाही तो पुढे जाऊन उष्णता-विनिमयकाच्या बारीक नळ्यांत अडकलेला असतो आणि पुढल्या वादळात तोच पुन्हा इंजिन तापवतो. आणखी एक गोष्ट विहिरीवर कधी घडत नाही, पण येथे नित्य घडते. वाऱ्याने नौका एका कुशीवर कलली की पाणी घेण्याचे तोंड क्षणभर समुद्राच्या वर येते, पंप हवा धरतो, आणि नौका सरळ झाल्यावरही ती हवा नळाच्या उंचवट्यावर अडून राहते.

इंधनाची कथा याहून निराळी नाही. डिझेलच्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते, आणि पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून काळसर, चिकट साका धरतो. नौका बंदरात उभी असते तोवर तो साका तळाशी निवांत पडून असतो. समुद्र खवळला, टाकी घुसळली गेली, की तो उठून गाळणीवर बसतो, आणि म्हणूनच इंजिन नेमके खडकाळ किनाऱ्याजवळ, सर्वाधिक गरजेच्या वेळी बंद पडते. याला दुर्दैव म्हणण्याची प्रथा आहे. ते मला मान्य नाही. अशा वेळी इंजिन कसे बंद पडले, हे ऐकून ठेवलेले असावे. गती वरखाली होत, धापा टाकत थांबले असेल तर इंधन अपुरे पडले आहे. एका झटक्यात थांबले असेल तर तपास अन्यत्र करावा. धुराचा रंगही साक्ष देतो: काळा असेल तर हवा कमी वा भार अधिक, निळा असेल तर वंगणाचे तेल जळते आहे, आणि पांढरा असेल तर न जळलेले इंधन किंवा पाण्याची वाफ. ठिबक सिंचनात गाळणीच्या अलीकडे व पलीकडे दाबमापक लावून त्यांच्यातील फरकावरून गाळणी किती तुंबली, हे जसे ओळखतात, तसाच एक शोषणमापक मी इंधनाच्या गाळणीनंतर बसवून घेण्याचा आग्रह धरतो. काटा सरकू लागला की गाळणी बदलण्याची तजवीज बंदरातच करता येते.

ठिबकाचा उल्लेख ओघाने आला, तर जळगावकरांस परिचित असलेली आणखी एक गोष्ट सांगतो. जड पाण्यातील क्षार ठिबकाच्या सूक्ष्म छिद्रांत साठून ती बुजतात, म्हणून आमच्याकडील बागाईतदार नळ्यांतून बेताने सौम्य आम्ल सोडतात. नौकेवरील शौचकूपाच्या नळीत समुद्राचे पाणी आणि मूत्र यांच्या संयोगाने असाच चुनखडीसारखा थर धरतो, आणि दीड इंची नळीचा मार्ग बोटाएवढा उरतो. हापसा जड झाला की लोक हापशाचे रबर बदलतात. नळी बाहेर काढून जमिनीवर आपटली तर आतून खपल्या पडतात आणि खरा अपराधी दिसतो.

याच शौचकूपाने बंदरात सुस्थितीत उभ्या असलेल्या कित्येक नौका बुडवल्या आहेत, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. त्याचे मूळ सायफनच्या नियमात आहे. अभियंते विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांत पांझरा नदीच्या एका पाटावरील नळांचा सायफन होता, आणि पावसाळ्यातील पुराने व वाळूने घातलेले अडथळे सोसून त्यांनी तो पुरा केला; म्हणजे भरलेल्या बंद नळातील पाणी खाली उतरून पुन्हा आपली पातळी गाठते, या नियमाचा उपकारक उपयोग धुळे जिल्ह्याने फार पूर्वी पाहिला आहे. नौकेवर तोच नियम वैरी होतो. शौचकूप समुद्राच्या पातळीखाली असतो, नळी भरलेली असते, आणि झडप जरा सैल राहिली की समुद्र आपली पातळी गाठण्यासाठी रात्रभर शांतपणे आत येत राहतो. नळीला पातळीच्या बरेच वर नेऊन तेथे हवा घेणारी एक बारीक झडप बसवली की हा प्रवाह तुटतो. परंतु ती झडप मिठाने चिकटून बंद झाली तर केवळ उंच वळण रक्षण करीत नाही, आणि तपासणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी वस्तू हीच असते.

नौकेच्या तळाच्या खोलगट भागात, बिल्जमध्ये, पाणी आढळले तर त्याचा उगम शोधण्याचे पहिले साधन जीभ हे आहे. बोट बुडवून थेंबभर चाखावे. मात्र त्यावर तेलाचा तवंग किंवा शीतक द्रवाचा हिरवा रंग दिसत असेल तर चाखू नये, कारण तो द्रव विषारी असतो. पाणी गोडे असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी वा नळ फुटला आहे, आणि सर्व तोट्या बंद असताना मध्यरात्री पाण्याचा पंप आपणच क्षणभर चालून थांबत असेल तर त्याची खूण पटते. खारट असेल तर प्रकरण गंभीर. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर दीड इंच व्यासाचे छिद्र पडले तर मिनिटाला १०० लिटरहून बरेच अधिक पाणी आत येते, आणि हातपंप मारून थकलेला मनुष्य त्याच्याशी फार वेळ झुंजू शकत नाही. यास्तव सी-कॉकच्या धातूकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे: साध्या पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाते, उरलेला भाग गुलाबीसर दिसू लागतो आणि हातोडीच्या हलक्या टोल्याने बिस्किटासारखा तुटतो.

खारट पाण्याचा एक उगम मात्र निर्दोष असू शकतो. पंख्याचा दांडा जेथून नौकेबाहेर जातो तेथील जुन्या पद्धतीच्या ग्लॅण्डमध्ये, विहिरीवरील पंपाप्रमाणेच, चरबी लावलेली दोरी दाबून बसवलेली असते. दांडा फिरत असताना तिच्यातून अधूनमधून थेंब पडलाच पाहिजे, कारण तोच तिला थंड ठेवतो. गळती सहन न होऊन नट करकचून आवळणाऱ्याने दांडा जाळल्याची उदाहरणे मी मांडवीवरही पाहिली आणि यावल-रावेरच्या मळ्यांतही.

मोठ्या प्रवासांच्या हकिकती याच दृष्टीने वाचाव्यात असे मला वाटते. मुंबईत कुलाब्यास सागवानात बांधलेली ३२ फुटी 'सुहेली' घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघाले आणि कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. वाटेत नौका गळू लागली तेव्हा केवळ पंप मारीत न राहता त्यांनी पाण्यात बुडी घेतली, तळाचा कणा आणि फळ्या यांमधील फट नौकेच्या डोलण्याबरोबर उघडझाप करते, हे प्रत्यक्ष पाहिले, तेथे कापूस ठोकून भरला, त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा बसवला. पुढे टाक्यांतील गोडे पाणी दूषित झाले, तेव्हा त्यांनी पावसाच्या पाण्यावर निभावले. आपल्याकडे मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, वाटेत चार बंदरे घेत, एकट्याने प्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती न थांबता केली. त्याच कारखान्यातील 'तारिणी'वर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या, आणि परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात थांबून, दुरुस्ती करून, २१ मे २०१८ रोजी परत आल्या. घर जवळ आलेले असताना वाट वाकडी करून बंदर गाठणे, यात मला नाविकाचे जे शहाणपण दिसते त्याला मी धाडसाहून कमी लेखीत नाही.

दुरुस्तीच्या कौशल्याहून नित्याच्या पाहणीचे मोल मी अधिक मानतो, आणि तिचा उत्तम नमुना मला पांझरेकाठच्या फड पद्धतीत आढळतो. बंधाऱ्यातून काढलेल्या पाटाचे पाणी फडाफडाला पोहोचवण्यासाठी तेथे पाटकरी, जागल्या, हवालदार असे गावाने नेमलेले लोक असत; पाटकऱ्याचे काम पाट फुटल्यावर धावणे एवढेच नव्हते, तर पाटाच्या काठाने चालत जाऊन उंदराचे बीळ, खचलेली कड, साचलेला गाळ हे वेळीच पाहणे हे होते. माझ्याकडून नौका घेऊन जाणाऱ्यास मी अशीच एक पाहणी दररोज करावयास सांगतो: सी-कॉकपासून नळीने चालत यावे, प्रत्येक क्लिपवर बोट फिरवावे, बिल्जमध्ये पाहावे, आणि जे दिसले ते तारखेसह वहीत लिहावे. काल तीन थेंब पडत होते आणि आज दहा पडतात, हे वहीवाचून कळत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पावसाळाभर काठावर ओढून ठेवलेल्या नौका पुन्हा मांडवीत उतरू लागलेल्या असतील आणि आमच्या कामाचा हंगाम सुरू झालेला असेल. या चार महिन्यांत इम्पेलरच्या पाकळ्या एका बाजूस दबून वाकलेल्या असतात, म्हणून इम्पेलर सरसकट बदलावे लागतील. टाक्यांच्या तळाचे पाणी काढावे लागेल. हवेच्या झडपा गरम पाण्याने धुवाव्या लागतील. आणि प्रत्येक सी-कॉकशेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली आहे ना, हे पाहूनच नौका पाण्यात सोडावी लागेल.