पाकीट फोडण्याआधी

सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलावर टपालाचा गठ्ठा पडलेला असतो. लोक तो कसा चाळतात ते बघण्यासारखं आहे. आधी वीजबिल, मग बँकेचं, मग हाताने पत्ता लिहिलेलं काहीही. छापील लेबलाचं जाहिरातपत्र जिन्यापर्यंतही पोचत नाही. दुकानदारांना पत्रं लिहून देणं हा माझा धंदा, त्यामुळे हे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

*

पाकिटावर लाल शाईत ‘अत्यंत तातडीचे’ छापा, असा हट्ट नवा दुकानदार हमखास धरतो. आत काय, तर गाद्यांचा सेल! सरकारी नोटिशीसारखं खाकी पाकीट त्याहून वाईट. उघडताना पोटात गोळा, उघडल्यावर संताप. पुढच्या खेपेला तुमचं नाव दिसलं की पाकीट न फोडताच रद्दीत.

*

व्ही.पी., म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवून घ्यायची टपालाची सोय, आपल्याकडे 1877 मध्ये सुरू झाली. दिवाळी अंक, पुस्तकं, औषधं, सगळं या वाटेने घरोघर गेलं. दुकानदार म्हणतो, वस्तू हातात आल्यावर पैसे, मग गिऱ्हाइकाला भीती कसली? पण पोस्टमनला पैसे दिल्याशिवाय पुडकं फोडता येत नाही. भरवसा पोस्टमनचा असतो, आतल्या मालाचा नव्हे. इकडे ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन पार्सल परत आलं की टपालखर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर. धास्ती दोन्हीकडे सारखीच.

*

स्क्रॅच कार्डवाली पाकिटं बऱ्याच जणांनी पाहिली असतील. कंपनीचा वर्धापनदिन, गुळगुळीत कागद, गोल शिक्का, मॅनेजरची झोकदार सही. कार्ड खरवडलं की मोटार लागते! मग फोन, आणि गाडीआधी ‘नोंदणी शुल्क’ भरा. या भामट्यांनी प्रामाणिक दुकानदाराचं फार नुकसान केलंय. भारी कागद आणि शिक्के त्यांनी आधीच वापरून टाकले. त्यांना देता येत नाही ती एकच गोष्ट: जिथे जाऊन जाब विचारता येईल असा पत्ता. म्हणून मी पत्राच्या माथ्यावरच लिहायला लावतो, दुकान कुठल्या देवळासमोर, किती ते किती उघडं, कुठल्या वारी बंद, गल्ल्यावर कोण बसतं.

*

शिकागोच्या आरन माँटगोमेरी वॉर्डने 1872 मध्ये शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली. पहिली किंमतयादी म्हणजे एकच कागद. भाव इतके कमी की लोकांना त्यात लबाडीच दिसावी. 1875 मध्ये त्याने जाहीर केलं, माल पसंत नसेल तर पैसे परत. हे वाक्य आज आमच्याकडेही सगळे छापतात, शेजारी मुंगीएवढ्या टायपात ‘अटी लागू’. अट असेल तर तीही मोठ्या टायपात छापा. ज्याला ती नको असेल तो आधीच थांबेल, भांडायला येणार नाही.

*

‘माझा पत्ता तुम्हाला कुठून मिळाला?’ वाचणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न हाच. उत्तर पहिल्या ओळीत द्यावं: ‘गेल्या लग्नसराईत आपण आमच्याकडून पैठणी घेतली होती.’ असं लिहिता येत नसेल, म्हणजे यादी विकत घेतलेली असेल, तर मजकूर कितीही गोड करा, उपयोग नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं म्हटलंय. कॉम्प्युटरमध्ये याद्या ठेवणाऱ्या दुकानदारांनी हे वाचून ठेवावं. ‘पत्र नको असल्यास कळवा, नाव काढू’ ही ओळ मी फुकट लिहून देतो. नाव खरंच काढायचं काम मात्र तुमचं.

*

एका घरी, घरातला माणूस वारल्यानंतरही, दर दिवाळीला त्याच्या नावाने ‘आपल्या कुटुंबासह अवश्य या’ असं पत्र येत राहिलं. बायकोने दुकानात फोन केला. ‘हो हो, नोंद करतो,’ म्हणाले. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच नाव, वर ‘खास आपल्यासाठी’! त्या घरातलं कुणी आता त्या दुकानाची पायरी चढत नाही.

परत आलेल्या पाकिटांवर पोस्टमन ‘पत्ता अपुरा’, ‘घर सोडून गेले’, ‘मयत’ असं लिहून देतो. यादी दुरुस्त करायला याहून स्वस्त साधन नाही, आणि बहुतेक दुकानांत ही पाकिटं माळ्यावर पडलेली असतात.

यंदा दिवाळीचा मजकूर सांगायला याल तेव्हा ती खाली काढून सोबत आणा. आधी नावं कमी करू, पत्राचं नंतर बघू.