देवगिरीचं मीठ

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे अशांची नावं घ्यायची झाली, तर आई-बाबा आणि शाळेतल्या इतिहासाच्या बाई यांच्यामागोमाग अमेरिकेतल्या डॅलस शहरातली एक कंपनी येते. एन्सेम्बल स्टुडिओज हे तिचं नाव. १९९५ साली ती निघाली आणि २००९ च्या जानेवारीत बंद झाली. तिथल्या एकाही माणसाला मी भेटलेले नाही. ब्रूस शेली, सँडी पीटरसन ही नावं मला खूप उशिरा कळली. पण या लोकांनी १९९९ साली 'एज ऑफ एम्पायर्स २' केला, आणि त्या एका खेळानं मला इतिहास दिला, दूरदेशीचा एक मित्र दिला, शिवाय एका कठीण काळात माझा भाऊ मला परत दिला.

खेळ आमच्या घरी मामेभावाच्या सीडीवरून आला. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत एकच कॉम्प्युटर होता. त्यामुळे घरी दादा खेळायचा आणि मी शेजारी स्टुलावर बसून बघायची. समोरासमोर खेळायचं तर कॉलेज रोडच्या एका नेट कॅफेत जावं लागे. तिथली सगळी यंत्रं लॅननं जोडलेली होती. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुरुवातीला तुमच्याकडे तीन-चार गावकरी असतात. त्यांना मेंढरं, बोरं, लाकूड, सोनं गोळा करायला लावायचं, घरं बांधायची, शेतं काढायची आणि अंधारयुगापासून साम्राज्याच्या युगापर्यंत पोचायचं. मध्येच शेजारी चाल करून येतो. टाइप करायला वेळ नसतो म्हणून आकड्यांचे संकेत आहेत. ३ दाबलं की 'अन्न द्या', ४ दाबलं की 'लाकूड द्या' असा आवाज जातो आणि ११ दाबलं की एक माणूस खदाखदा हसतो. आम्ही एका बाजूनं खेळत असलो की दादा लाकडासाठी ४ दाबायचा आणि वर ओरडायचाही, "अगं, लाकूड पाठव की!"

त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक लोकसमूह आपापली भाषा बोलतो. जपानी गावकरी जपानीत हो म्हणतो, फ्रँकांचा त्याच्या बोलीत. सलादिन, जोन ऑफ आर्क, बार्बारोसा, चंगेजखान यांच्या मोहिमा खेळत गेलं की मध्येमध्ये त्यांची गोष्ट एक आवाज सांगतो. पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपलेला सलादिन मला इथं भेटला. पुढे मी इतिहास घेऊन एम.ए. केलं. त्यामागे बाईंचा जेवढा वाटा आहे तेवढाच त्या आवाजाचाही आहे.

पण एन्सेम्बलनं खेळासोबत आणखी एक गोष्ट दिली होती आणि माझ्या दृष्टीनं खरं दान ते. मुख्य यादीतच एक दार होतं, सिनेरिओ एडिटर. कंपनीच्या माणसांनी स्वतःच्या मोहिमा ज्या हत्यारानं घडवल्या, तेच त्यांनी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं होतं. नदी काढा, डोंगर उभारा, किल्ला बांधा आणि 'अमुक घडलं की तमुक कर' असे नियम रचा. त्या नियमांना ट्रिगर म्हणतात. एखादा कारागीर आपली हत्यारं दुसऱ्याच्या हाती सहज देत नाही. यांनी ती लाखो अनोळखी लोकांना दिली आणि त्या लोकांचं पुढे काय होतं ते बघत राहिले. चाहत्यांशी नातं जोडण्याच्या नावाखाली कंपन्या पुष्कळ गोष्टी करतात, भेटवस्तू वाटतात, समारंभ भरवतात. पण हत्यार देण्याइतका मोठा विश्वास मला दुसऱ्या कशात दिसत नाही.

त्या विश्वासाचं फळ कंपनी गेल्यावर दिसलं. मायक्रोसॉफ्टनं एन्सेम्बल २००१ साली विकत घेतली होती. २००८ मध्ये जाहीर झालं, की 'हेलो वॉर्स' हा खेळ पुरा झाला की स्टुडिओ बंद. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, लोक ज्यावर ऑनलाइन एकमेकांशी खेळत ती मायक्रोसॉफ्टची सोय बंद झाली होती. व्यवहाराच्या नियमानं इथं खेळ मरायला हवा होता. नवे विंडोज आले की जुने खेळ चालेनासे होतात. दुरुस्त करणारं कुणी उरत नाही आणि एक दिवस सीडी अडगळीत जाते. आमचीही गेली होती. दादा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि मी संसाराला लागले.

पण तिकडे खेळाडूंनी खेळ सोडला नव्हता. एकमेकांशी खेळायला जागा हवी म्हणून त्यांनी स्वतःची सोय उभी केली. तिचंच पुढे 'वूब्ली' झालं. काहींनी खेळाच्या पोटात शिरून जुन्या खोडी दुरुस्त केल्या आणि मोठ्या पडद्यांवर तो नीट दिसेल असा 'युझरपॅच' तयार केला. हे सगळं रात्री नोकरीवरून आल्यावर आणि विनामूल्य. मूळ लिखाण हाती नसताना दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणं काय असतं, हे या क्षेत्रातल्या माणसालाच कळेल. दादा प्रोग्रॅमर आहे. त्यानं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो फोनवर नुसता "बापरे" म्हणाला होता.

मग २०१२ च्या डिसेंबरात 'फरगॉटन एम्पायर्स' आला. हा मॉड होता, म्हणजे मूळ खेळात चाहत्यांनी घातलेली भर. बर्ट बेकमन आणि वेगवेगळ्या देशांतले त्याचे सोबती यांनी मिळून तो केला होता. त्यात पाच नवे लोकसमूह होते: इटालियन, इंका, मग्यार, स्लाव आणि भारतीय. हे लिहिताना आजही माझं मन भरून येतं. तेरा वर्षं या खेळात भारत नव्हता. पर्शियनांचे हत्ती होते, मंगोलांचे घोडे होते, मधला आपला सगळा मुलूख रिकामा. तो भरून काढला तो कुठल्या कंपनीनं नाही, तर त्या हौशी मंडळींनी.

आता मायक्रोसॉफ्टपुढे दोन वाटा होत्या. खेळाची मालकी त्यांची होती. वकिलाची एक नोटीस गेली असती तर ते काम तिथंच थांबलं असतं, आणि चाहत्यांच्या कामाला अशा नोटिसा देणाऱ्या कंपन्या आहेतच. इथं उलट घडलं. २०१३ मध्ये खेळाची एचडी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात या मंडळींचं काम 'द फरगॉटन' नावानं अधिकृत विस्तार म्हणून बाजारात आलं. चाहत्यांचा गट रीतसर स्टुडिओ झाला. पुढे २०१५ मध्ये आफ्रिकेचा, २०१६ मध्ये आग्नेय आशियाचा विस्तार त्यांनी केला आणि २०१९ मध्ये संपूर्ण खेळ नव्यानं घडवला गेला तेव्हाही हेच लोक तिथं होते. ज्यांनी राखलं त्यांच्याच हाती कारभार दिला. मोठ्या कंपनीकडून असं शहाणपण क्वचितच दिसतं आणि त्याचं श्रेय मी मायक्रोसॉफ्टला मोकळ्या मनानं देते.

माझ्या घरात याचा अर्थ काय झाला ते सांगायला हवं. बाबा गेले त्या वर्षी दादाचं आणि माझं बोलणं आटत चाललं होतं. भांडण नव्हतं. आईचं औषधपाणी, घराचे कागद, बँक, एवढं झालं की फोनवर दोघंही गप्प व्हायचो. एका रविवारी त्यानं मला एचडी आवृत्ती भेट म्हणून पाठवली आणि नुसतं लिहिलं, "चार वाजता ये." मी गेले. एकत्र खेळलो. तासाभरानं त्यानं ४ दाबलं आणि मी लाकूड पाठवलं. मग त्यानं ११ दाबलं. त्यानंतर दोघांचे माइक चालू झाले आणि बाबांबद्दल आम्ही खूप वेळ बोललो, गावकरी तसेच रिकामे उभे होते. तेव्हापासून रविवारची वेळ ठरलेली आहे. वहिनी म्हणते, "तुमचा साप्ताहिक सत्संग." तो खेळ २००९ मध्ये मेला असता तर ही जागा आम्हाला कुठून मिळाली असती?

त्याच सुमाराला मी एडिटर पुन्हा उघडला. देवगिरी करायची होती. १२९६ साली अल्लाउद्दीन अचानक चालून आला तेव्हा यादवांची मुख्य फौज रामचंद्ररायाच्या मुलाबरोबर बाहेर होती. राजानं किल्ल्याचा आश्रय घेतला. असं सांगतात, की धान्याची म्हणून घाईनं वर चढवलेली पोती उघडली तर त्यांत मीठ निघालं. लहानपणी सहलीला दौलताबादला, म्हणजे याच देवगिरीला, गेलो होतो, तेव्हा बाबांनी ही गोष्ट त्या काळोख्या भुयारी वाटेत सांगितली होती. माझ्या नकाशात मला तेच हवं होतं. दरवाजे बंद होताना कोठारात भरपूर अन्न दिसावं आणि थोड्या वेळानं ते अचानक नाहीसं व्हावं.

ट्रिगर काही केल्या जमेना. तेव्हा माझा नकाशा पाहून पोलंडमधल्या एका खेळाडूनं मला आपणहून लिहिलं. तो स्वतः वर्षानुवर्षं नकाशे करत होता. त्याचं पहिलं म्हणणं असं, की अन्न सरळ कमी करता येत नाही, ते कुणाला तरी खंडणी म्हणून द्यावं लागतं. खेळात 'गाया' नावाचा एक पक्ष असतो, निसर्गाचा. झाडं, हरणं, रानडुकरं त्याची. राजाचं अन्न ठरल्या वेळी गायाला खंडणी म्हणून जाईल असा ट्रिगर लावायचा. त्यानं ते टप्प्याटप्प्यानं समजावलं, मी पाठवलेली फाइल दुरुस्त करून परत पाठवली आणि शेवटी विचारलं, "पण पोत्यांत मीठ का होतं?" मी त्याला कोकणातून घाटावर येणाऱ्या मिठाच्या व्यापाराबद्दल लिहिलं. त्यावर त्यानं क्रॅकोजवळच्या व्हिएलिच्का इथल्या मिठाच्या जुन्या खाणीबद्दल भलंमोठं पत्र पाठवलं. आमची मैत्री अशी जमली. त्यानं मला शिकवण्यात घालवलेल्या संध्याकाळींची परतफेड माझ्याकडून झालेली नाही आणि त्यानं ती कधी मागितलीही नाही.

देवगिरी पहिल्यांदा दादानं खेळून पाहिली. अन्न गेलं तेव्हा तो एवढ्यानं ओरडला, की वहिनी धावत आली.

कंपनी आणि चाहते यांच्यात सगळं गोडच असतं असं मात्र कुणी समजू नये. २०२२ मध्ये 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' आला तेव्हा 'भारतीय' या एकाच गटाचे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे गट झाले. राजेंद्र चोळाची मोहीम आली, द्रविडांचे सैनिक तमिळ बोलू लागले. मला अतोनात आनंद झाला. पण दख्खन राहिलाच. माझ्या यादवांना कुठं बसवू? गुर्जरांत बसवलं तर मुलूख चुकतो, द्रविडांत बसवलं तर घोडदळ दुबळं पडतं. अजूनही मला यादव, चालुक्य यांचा स्वतंत्र गट हवा आहे आणि हे मागायचा हक्क मला आहे असं मी मानते. २०२४ च्या 'व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड'मध्ये एका नामवंत चाहत्यानं पूर्वी केलेले बरेचसे नकाशे नव्यानं घडवून विकायला आणले. तेव्हा जुन्या खेळाडूंनी विचारलं, जे फुकट मिळत होतं त्याला आता पैसे का? मला त्या चाहत्याला मोबदला मिळावा असंच वाटलं. पण प्रश्न विचारणाऱ्यांचंही चूक नव्हतं. इतकी वर्षं ज्यांनी घर सांभाळलं, त्यांना भाडं सांगताना जपून बोलावं लागतं.

२०२२ च्या ऑक्टोबरात हायडेलबर्गच्या किल्ल्यात या खेळाची मोठी स्पर्धा भरली. तिचं नावच 'वोलोलो'. पहिल्या 'एज ऑफ एम्पायर्स'मधला पुरोहित शत्रूच्या सैनिकाला आपल्या बाजूला वळवताना जे पुटपुटतो, ते. दादाला तिथं जायला फार लांब पडत नाही. तो गेला आणि तिथून त्यानं मला फोन केला. खऱ्या किल्ल्यात बसून लोक खोट्या किल्ल्यांचे वेढे बघत होते आणि माझा अबोल भाऊ मला प्रत्येक चाल सांगत होता, अगदी कॉलेज रोडवर असताना सांगायचा तशी.

सध्या मी अहमदनगर करते आहे, १५९५-९६ चा वेढा. मोगलांनी सुरुंग लावला, तटाला खिंडार पडलं आणि चांदबिबीनं रात्रीतून ते बुजवून घेतलं. सुरुंगांसाठी खेळात पेटार्डवाले आहेतच, अंगाला दारू बांधून तटावर जाऊन फुटणारे. पोलिश मित्राचं म्हणणं, की खिंडार पडलं की थोड्या वेळानं ट्रिगरनं भिंत आपोआप उभी करावी, म्हणजे नवख्यालाही जिंकता येईल. मला ते मान्य नाही. भिंत आपोआप उभी राहिली तर चांदबिबीनं केलं काय? खेळणाऱ्यानं स्वतः गावकरी हाकत, तोफांच्या माऱ्यात, दगड पुरवून ती बांधली पाहिजे. दादा माझ्या बाजूनं आहे. वाद आता एवढाच उरला आहे, की मोगलांच्या तोफा तटापासून किती लांब ठेवायच्या.