दहावे चित्र

संपादकांचा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर आकडे चिकटवत होतो. "पदवीनंतर काय, या विषयावर माजी विद्यार्थी म्हणून काहीतरी लिहून द्या," अशी प्रेमाची आज्ञा होती. या प्रश्नाचे उत्तर मला अजून माझ्या आईला आणि मामाला देता आलेले नाही, तिथे वाचकांना काय देणार! पण एम.एफ.ए.साठी एकदा अर्ज करून परत आलेला आणि दुसऱ्यांदा अर्ज भरायला बसलेला माणूस, एवढी पात्रता माझ्याकडे नक्कीच आहे. तेवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

माझे वडील बोर्ड रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे ब्रश डब्यात वाळत पडले आणि दुकानात स्टिकर कापायचे मशीन आले. "पुढं शिकायचं म्हणतोय," असे मी म्हटले तेव्हा दादा शांतपणे म्हणाले, "बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेल्ते रं?" कोल्हापुरात या प्रश्नापुढे भले भले गप्प बसतात. बाबूरावांनी कलाशाळेचे तोंडही न पाहता नाटकांचे पडदे रंगवले, घरचा कॅमेरा बनवला, १९२५ मध्ये 'सावकारी पाश' पडद्यावर आणला. मी म्हणालो, "पण अबालाल रहिमान गेल्ते की जे.जे.ला!" दादा म्हणाले, "आणि परत कोल्हापुरातच आले न्हवं?" वाद तिथेच मिटला.

तरी मन ऐकेना. वर्गात आम्ही सतत ऐकत आलो होतो, १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन निघाले, १९५० साली बडोद्याला ललित कलांचे शिक्षण सुरू झाले आणि तिथे बेंद्रे शिकवू लागले. दोन वर्षे नुसती चित्रे काढायची, गिऱ्हाईक नाही, मुदत नाही, 'जरा लाल जास्त घाला' म्हणणारे कोणी नाही, हे स्वप्न मला सोडवत नव्हते. प्रभाकर बरवे १९५९ मध्ये जे.जे.ची पदविका घेऊन बाहेर पडले आणि नंतर विणकर सेवा केंद्रात नोकरी करता करता स्वतःची चित्रभाषा घडवत राहिले, हे मलाही माहीत होते. पण बरवे होणे आपल्या हातात नाही, अर्ज करणे आहे!

आणि मग अर्ज हाती आला. चित्र काढणे सोपे, त्याचा फोटो काढणे महाकठीण, हे मला त्या आठवड्यात कळले. ट्यूबलाइटखाली पांढरा रंग हिरवट दिसे, उन्हात तैलरंग आरशासारखे चमकत. अखेर सकाळी गच्चीवर, सावलीत, कॅनव्हास भिंतीला उभा टेकवून आणि कॅमेरा बरोबर त्याच्या मध्यासमोर धरून काम जमले. एका फोटोत काकूंची वाळत घातलेली साडी आली, ती तशीच गेली असती तर कदाचित आधुनिक म्हणून खपलीही असती. मग प्रत्येक चित्राचे शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. आकार कोण मोजून ठेवतो? टेप घेऊन सगळे घर पालथे घातले. आणि शेवटी ते निवेदन, 'आपणास पुढील शिक्षण का घ्यावयाचे आहे?' चार वर्षे चित्रे काढली, पण या एका प्रश्नापुढे माझे पेन तीन रात्री कोरडे राहिले.

दहा चित्रे मागितली होती. पहिल्या क्रमांकावर कोणते, याबद्दल घरात दुमत नव्हते. फेटेवाल्या म्हाताऱ्याचे व्यक्तिचित्र. वार्षिक प्रदर्शनात त्याला पहिले बक्षीस मिळाले होते. आता जे सांगतो ते आजवर कोणाला सांगितले नव्हते. ते चित्र रंगवताना सर मागे येऊन उभे राहिले, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि गालाच्या हाडावर एक, फेट्याच्या घडीवर एक, असे दोन फटकारे मारून पुढे गेले. म्हातारा एकदम जिवंत झाला. बक्षीस त्या दोन फटकाऱ्यांना मिळाले आणि टाळ्या मी घेतल्या.

मुलाखतीचे बोलावणे परराज्यातून आले. पोर्टफोलिओ एवढा मोठा, की एस.टी.च्या कंडक्टरने "ह्याचं अर्धं तिकीट घ्यायला लागंल," असे बजावले. दुसऱ्या दिवशी पाचजणांसमोर चित्रे मांडली. त्यातल्या चष्मेवाल्या बाई बराच वेळ म्हाताऱ्याकडे पाहत राहिल्या. मग बरोबर गालाच्या हाडावर बोट ठेवून म्हणाल्या, "असा फटकारा बाकीच्या नऊ चित्रांत कुठं दिसत नाही. इथं काय सुचलं तुम्हाला?"

एका वाक्याचे काम होते. 'ते आमच्या सरांचे आहे,' एवढेच. मी म्हणालो, "त्या दिवशी उजेड फार चांगला होता."

बाईंनी मान हलवली आणि पुढचे चित्र पाहिले. यादीत माझे नाव आले नाही. ते त्या उत्तरामुळेच गेले, असे मी म्हणणार नाही. जागा मोजक्या होत्या आणि माझ्याहून चांगली मुले होती. पण परतीच्या प्रवासात मला नाव हुकल्याचे दुःख कमी आणि त्या उजेडाची लाज जास्त वाटत होती.

यंदा शिफारसपत्रासाठी सरांकडे गेलो तेव्हा सगळे सांगून टाकले. सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "ब्रश घेतला ही माझी चूक. ते चित्र पाठवलंस ही तुझी." थोड्या वेळाने हसून म्हणाले, "माझ्याही चित्रांत आमच्या सरांचे फटकारे होते रे. मला फक्त कुणी विचारलं नाही."

पत्र त्यांनी दिले. धाकट्या मित्रांनो, चित्रांचे फोटो वेळच्या वेळी काढा, आकार मागे लिहून ठेवा, निवेदन आदल्या रात्रीवर टाकू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच सांगेन, की दहा चित्रे निवडताना प्रत्येकासमोर उभे राहून विचारा, यातले माझे किती? मी विचारले तेव्हा निवेदनाचे पेनही आपोआप चालू लागले. पुढे का शिकायचे आहे? तर ज्या गालावर सरांना ब्रश घ्यावा लागला, तो मला स्वतःला रंगवता यावा म्हणून.

म्हातारा आता दुकानात, काउंटरच्या मागे टांगला आहे. त्यामुळे नऊच चित्रे उरली. दहावे गेल्या आठवड्यात सुरू केले, डब्यात वाळलेले दादांचे ब्रश. परवा दादांनी मागे उभे राहून पाहिले आणि सवयीने हात पुढे केला. मी म्हणालो, "दादा, नको." ते क्षणभर थांबले, मग हात खिशात घालून म्हणाले, "बरं. पण ती डब्याची कड वाकडी हाय बघ."

कड खरेच वाकडी आहे. अर्जाची शेवटची तारीख उद्या, आणि रंग अजून ओला आहे. सकाळी सावली असेपर्यंत गच्चीवर फोटो काढीन. कड वाकडीच ठेवणार आहे.