हाड मोडलं आणि गोळीवर आळ आला

मनगटाला प्लास्टर घालता घालता त्या हाडांच्या डॉक्टरांनी लेकीची फाइल चाळली आणि सासूबाईंकडे बघून म्हणाले, “थायरॉइडची गोळी? एवढ्याशा पोरीला? मग हाडं ठिसूळ होणारच!” डोस किती, वजन किती, टीएसएच किती, एक अक्षर विचारलं नाही. पोर झोपाळ्यावरून फरशीवर पडली होती, हेही मीच दोनदा सांगितलं. तो राग अजून माझ्या मनातून जात नाही.

तिची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच तयार झालेली नव्हती. कावीळ हटेना, शी कडक, रडणं जवळजवळ नाहीच. येणारे-जाणारे “किती गुणाचं बाळ” म्हणायचे. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन करायची तपासणी आमच्याकडे कुणी केली नाही, म्हणून निदानाला उशीर झाला. मग गोळी सुरू झाली, ती जन्मभराची.

प्लास्टरनंतर घरात एकच विषय. “डॉक्टरच म्हणाले ना? थोडे दिवस बंद करून तर बघू,” सासूबाई म्हणायच्या. त्यांचा नातीवर फार जीव. चुलत नणंदेचा फोन, मामेसासऱ्यांचा फोन, सगळ्यांना हाडांची काळजी. कुणीतरी कॅल्शियमचं सिरप आणून दिलं आणि सासूबाई ते सकाळी गोळीसोबतच पाजू लागल्या. कॅल्शियम असो की लोह, पोटात एकत्र गेलं की गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. म्हणजे हाडं वाचवायच्या नादात औषधच वाया चाललं होतं. एका डॉक्टरच्या तोंडून सहज निघालेलं वाक्य घरात कुठवर पोचतं, हे त्यांना कधी कळणारही नाही.

आमच्या मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञ बाईंनी डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं. ते तिच्या वयाशी जुळत होतं. निदानाच्या वेळचा गुडघ्याचा एक्स-रेही त्यांनी पुन्हा दाखवला. पूर्ण दिवसांच्या बाळात मांडीच्या हाडाच्या टोकाशी जे अस्थिकेंद्र दिसायला हवं, ते त्यात नव्हतंच. थायरॉइडचा हॉर्मोन नसेल तर हाड वाढतच नाही, उंची खुंटते. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर मात्र हाडांची झीज वाढते आणि तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळू शकतात. ठिसूळपणाची भीती मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांमुळे पसरली आहे, ज्यांचं टीएसएच जास्त डोसमुळे फार खाली गेलेलं असतं. लेकीचं टीएसएच अगदी योग्य होतं.

एवढं कळूनही माझी भीती पुरती गेलेली नाही. ज्या प्रश्नावर मी चिडले, तोच प्रश्न आता दर खेपेला मी बाईंना विचारते: डोस जास्त तर होत नाही ना? मूल वाढतं, वजन बदलतं, तसा डोसही बदलावा लागतो. हा प्रश्न विचारायलाच हवा, पण रिपोर्ट समोर ठेवून.

तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढं ऐका. कुणीही, अगदी डॉक्टरनेसुद्धा, गोळी बंद करायला सांगितलं तर आधी टीएसएच आणि फ्री टी-फोर तपासून घ्या आणि गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत सकाळची गोळी चुकवू नका.