वाक्याचा कर्ता कोण?

सप्टेंबर महिन्याची सतरावी तारीख आम्हा मराठवाड्यातील लोकांस एखाद्या सणासारखी आहे. गावोगावी ध्वजवंदन होते, मुलांची भाषणे होतात, आणि हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीची कथा दरवर्षी नव्याने सांगितली जाते. १९४८ साली याच दिवशी निजाम मीर उस्मान अली खान यांनी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. १३ सप्टेंबरपासून चाललेली पोलीस कारवाई त्यामुळे थांबली. शिरड शहापूरसारख्या लहान गावातही त्या वार्तेने किती घरांत दिवे लागले असतील याची कल्पना वाचकांनी करावी.

परंतु ही तारीख जगाच्या इतिहासात आणखी एका कारणाने नोंदलेली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. बरोबर १६१ वर्षे आधी, म्हणजे १७ सप्टेंबर १७८७ रोजी, फिलाडेल्फिया शहरी अमेरिकेच्या राज्यघटनेवर एकूणचाळीस प्रतिनिधींनी सह्या केल्या. हा शुद्ध काकतालीय न्याय होय. त्यातून कोणताही दैवी संकेत काढण्याचा माझा मानस नाही. तथापि जन्मभर मुलांस व्याकरण आणि इतिहास शिकविलेल्या माणसास दोन वाक्ये शेजारी शेजारी मांडून पाहण्याची खोड असते. एका देशाने त्या दिवशी घटनेवर सही केली. आमच्या प्रांताने त्या दिवशी केवळ एका सत्तेचा शेवट पाहिला. या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांच्यामधील अंतर किती, आणि ते चालून जावयास काय लागते, याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

अमेरिकेतील तेरा वसाहतींचे इंग्लंडशी भांडण आरंभी स्वातंत्र्यासाठी नव्हते. ते खर्चासाठी होते. १७६३ साली फ्रेंचांशी चाललेले युद्ध संपले, तिजोरी रिकामी झाली, आणि वसाहतींत ठेवावयाच्या फौजेचा भार वसाहतींनीच काही अंशी सोसावा असे इंग्रज प्रधानमंडळास वाटू लागले. १७६५ साली कागदपत्रांवर मुद्रांक-कर बसला. कर मोठा होता असे नाही. परंतु ज्या पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी बसत नाही त्याने आमच्या खिशात हात का घालावा, हा त्यांचा प्रश्न होता. तो कर पुढल्याच वर्षी मागे घ्यावा लागला. नंतर चहावरील जकातीवरून वाद पेटला आणि १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. १७७५ साली शस्त्रे उचलली गेली, ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, आणि १७८३ साली पॅरिसच्या तहाने इंग्लंडने तो मान्य केला.

फौज कोणाची आणि खर्च कोणाचा, हा प्रश्न आमच्या हिंगोलीसही अपरिचित नाही. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि वेतनाचा भार हैदराबादच्या तिजोरीवर. ती बाकी थकत गेली तेव्हा १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करण्यात आला. बोस्टनच्या व्यापाऱ्याने निदान चहा समुद्रात फेकला. हिंगोली-परभणीच्या रयतेस आपण कोणत्या फौजेचे पैसे भरीत आहोत हे विचारण्याचीही सोय नव्हती. राजा निजाम, त्याच्या शिरावर इंग्रज रेसिडेंट, आणि या दोहोंच्या भाराखाली शेतकरी अशी आमची उतरंड होती.

पुढे विचारणारे निघाले. सभा भरविण्यापूर्वी सरकारची परवानगी हवी, असा 'गश्ती निशान ५३' नामक हुकूम असतानाही निघाले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. त्याचे शिक्षण उर्दूतून चाले, त्यामुळे मराठी घरांतील मुलास आपली भाषा उंबरठ्याच्या आत ठेवून बाहेर पडावे लागे. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होऊ घातली तोच तिच्यावर बंदी आली, आणि सत्याग्रह झाला. या लढ्याचे धुरीण स्वामी रामानंद तीर्थ हे प्रथम हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतील व नंतर अंबाजोगाईच्या शाळेतील शिक्षक होते, याचा आम्हा मास्तर मंडळींस रास्त अभिमान आहे. आमच्या शेजारच्या वसमत येथील महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे ते हुतात्मा बहिर्जी याच भूमीतले. या मंडळींची मागणी एका शब्दात सांगावयाची तर ती 'जबाबदार राज्यपद्धती' ही होती. राज्यकर्त्याने कोणास तरी जाब द्यावा, एवढेच.

आता मधल्या अंतराकडे वळू. अमेरिकेस जाहीरनाम्यापासून घटनेवरील सह्यांपर्यंत अकरा वर्षे लागली. ती वर्षे सुखाची नव्हती. राजा गेला, परंतु त्याच्या जागी बसविलेल्या मध्यवर्ती सभेस कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. तेरा राज्ये तेरा दिशांस ओढू लागली. १७८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने गांजलेले शेतकरी शस्त्र घेऊन न्यायालयांवर चालून गेले. त्यांत स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिकही होते. ज्यांनी राज्य मिळविले त्यांनाच ते राज्य परके वाटू लागले. आपल्या जुन्या राजनीतिकारांनी ज्यास मात्स्यन्याय म्हटले, मोठ्या माशाने लहान माशास गिळावे अशी ती अवस्था, तिची चाहूल लागताच शहाणी माणसे फिलाडेल्फियास जमली. पंचावन्न जण आले, चार महिने बंद दाराआड वाद घातला, आणि अखेर कोणाचेच पूर्ण समाधान न करणारा परंतु सर्वांस चालेल असा मसुदा तयार झाला.

आमचे अंतर त्या मानाने अल्प होते. १७ सप्टेंबर १९४८ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत सोळा महिने नऊ दिवस. परंतु तेही निर्मळ नव्हते, हे सत्य उत्सवाच्या भाषणात सहसा येत नाही म्हणून येथे सांगितले पाहिजे. रझाकारांनी प्रजेवर जे अत्याचार केले त्यांचे स्मरण घरोघरी आहे. परंतु कारवाईनंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता असे अनेक मुसलमान शेजारीही सूडास बळी पडले. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हे पाहिले व नोंदविले. तो अहवाल मात्र कित्येक दशके प्रकाशात आला नाही. जुलमी सत्ता गेली म्हणजे न्याय आपोआप येतो, असे नाही. दोहोंच्या मध्ये एक अंधारी ओसरी असते, आणि ती ओलांडताना हातात कायद्याचा दिवा नसेल तर माणूस स्वतःच्याच घरात ठेचकाळतो. त्या काळात जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी राज्यपाल होते. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या. आणि सत्ता हळूहळू तलवारीकडून दप्तराकडे आली.

येथे माझ्यातील व्याकरणाचा मास्तर जागा होतो. अमेरिकेची घटना आणि आपली घटना, दोहींच्या आरंभीच्या वाक्याचा कर्ता 'लोक' हा आहे. राजा नव्हे, सभा नव्हे, देवही नव्हे. परंतु हैदराबाद संस्थानात ही घटना आली कशी? घटनासमितीत हैदराबादचा प्रतिनिधी म्हणून कोणी बसलेला नव्हता. १९४९ च्या नोव्हेंबरात निजामांनी फर्मान काढून ती स्वीकारली. म्हणजे ज्या वाक्याचा कर्ता 'लोक' आहे ते वाक्य आमच्याकडे प्रथम पोहोचले ते अशा दुसऱ्या वाक्यातून, ज्याचा कर्ता निजाम होता! पुढे तेच निजाम १९५६ पर्यंत या राज्याचे राजप्रमुख राहिले. मात्र फर्माने काढणारा हात आता घटनेने बांधलेला होता.

अमेरिकेत तसे झाले नाही. मसुदा एकेका राज्यात नेऊन, लोकांनी निवडलेल्या सभेपुढे ठेवून, त्यावर होकार घ्यावा लागला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८ मते पडली, आणि तीही नागरिकांच्या हक्कांची भर पुढे घालण्यात येईल या अपेक्षेवर. १७९१ साली ते हक्क घटनेत आले. ऱ्होड आयलंड तर सर्वांत शेवटी, १७९० साली, केवळ दोन मतांच्या आधिक्याने राजी झाले. ज्यांनी शंका घेतल्या त्यांच्यामुळे घटना अधिक पूर्ण झाली, हे विसरता कामा नये.

याचा अर्थ त्यांचे ते सर्व सोने आणि आमचे ते पितळ, असा मुळीच नाही. त्यांच्या 'लोकां'मध्ये गुलाम नव्हते; गुलामगिरी घटनेने बंद व्हावयास १८६५ साल उजाडले. स्त्रियांस देशभर मताधिकार मिळाला तो १९२० साली. आपल्या घटनेने मात्र पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिले. १९५२ साली हैदराबादच्या विधानसभेच्या १७५ जागांसाठी मते पडली आणि बूर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. फर्मानावर लोकांची मोहोर उमटली ती तेव्हा. मात्र त्याच निवडणुकीत देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. वाक्याने कर्त्याचे आसन मांडले होते. बसावयास त्या अद्याप आलेल्या नव्हत्या.

हाच प्रश्न घराच्या चौकटीत कसा उभा राहतो, ते सांगून हा लेख आवरतो. आमचे वडील वारल्यावर शेतावर वारसांची नोंद करावयाची होती. सर्वत्र चाल आहे तीप्रमाणे बहिणीच्या हक्कसोडपत्राचा कागद तयार करून आणण्यात आला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतका वाटा दिला, हे घरात सर्वांस ठाऊक होते. ती सही करील हेही सर्वांनी गृहीत धरले होते. जेवणे आटोपल्यावर थोरल्या बंधूंनी कागद पुढे केला. ती म्हणाली, "अण्णा, सही मी करीनही. पण काय सोडते आहे ते मला कोणी वाचून तरी दाखविले का?"

क्षणभर सारे गप्प झाले. मग मी तो कागद मोठ्याने वाचला, गट क्रमांकांसह. तिने विहिरीजवळच्या तुकड्यातील आपला हिस्सा ठेवला. बाकीचा राजीखुशीने सोडला. कागद पुन्हा लिहावा लागला. अण्णा चार दिवस अबोल होते. परंतु पुढे दिवाळीस तिच्या वाट्याची हळद कोणी पाठवावयाची, हे त्यांनीच ठरविले. आज त्या कागदाविषयी आमच्या घरात कोणाच्या मनात किल्मिष नाही. पहिल्याच कागदावर तिने निमूट सही केली असती, तर असे म्हणता आले असते की नाही, याची मला शंका आहे. दिलेले आणि घेतलेले तेच असले तरी विचारून घेतलेले टिकते.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना 'स्वतंत्र' हाच शब्द योजला आहे. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या प्रमुखासही 'कर्ता' म्हणतात. परंतु स्वतंत्र या शब्दात 'स्व' इतकेच 'तंत्र'ही आहे, हे आपण सोयीने विसरतो. तंत्रावाचून स्व उरला तर तो मात्स्यन्याय. आणि स्व-वाचून तंत्र उरले तर ते फर्मान. फिलाडेल्फियाच्या मंडळींनी या दोहोंची सांगड घालण्यात अकरा वर्षे घालविली. आम्हांस ती सांगड तयार मिळाली, म्हणून तिची किंमत कमी होत नाही. मात्र जी संमती एकदा फर्मानाने आमच्या वतीने देऊन टाकली गेली, ती आपण आपल्या मुखाने पुन्हा पुन्हा द्यावी लागते: मतपेटीपाशी, ग्रामसभेत, आणि आपल्याच माजघरात, जेथे कागद पुढे करण्यापूर्वी तो वाचून दाखविण्याइतका धीर धरणे कोणासही अवघड नाही.